चाकाचे माप

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला जुना ग्रेट ईस्टर्न रोड भंडारा, राजनांदगाव, दुर्ग ही गावे मागे टाकून रायपुरात शिरतो, तो टाटीबंधच्या बाजूने. सरकारी कागदांत महामार्गांचे क्रमांक बदलले, तरी रायपूरकरांच्या तोंडी या रस्त्याचे नाव आजही 'जी. ई. रोड' असेच आहे. लोखंड, सिमेंट, कोळसा आणि तांदूळ वाहणाऱ्या ट्रकांची येथे रात्रंदिवस रीघ लागलेली असते. त्या गर्दीत गेल्या काही वर्षांत एक निराळीच गाडी दिसू लागली आहे. पुढे मोटारीसारखी दोन रांगांची आसने, मागे उघडा हौदा, आणि सबंध अंग मूळच्यापेक्षा दीड-दोन इंच वर उचललेले. मालक कधी ठेकेदार असतो, कधी शेतीवाडी असलेला गृहस्थ, कधी रविवारी रानात भटकण्याची हौस असलेला डॉक्टर.

गाडी उंच करून घेणे हे काम मिस्त्री एका दिवसात उरकतो. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी उभा राहतो. उंच झालेल्या अंगाखाली जुनी चाके एकाएकी लहान दिसू लागतात. वाढत्या वयाच्या मुलाला मागील वर्षीचा सदरा घातल्यासारखी. मग मालक टायरच्या दुकानी जातो आणि विचारतो, 'या गाडीला मोठ्यात मोठे कोणते बसेल?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. तो का चुकीचा, आणि त्याच्या जागी कोणता विचारावा, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

आरंभी टायरवर कोरलेली अक्षरे वाचावयास शिकले पाहिजे. २०१६ साली भारतात विक्रीस आलेली इसुझू कंपनीची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप उदाहरणादाखल घेऊ. आंध्र प्रदेशातील श्रीसिटी येथे ती तयार होते. त्या गाडीच्या आरंभीच्या टायरवर २४५/७० आर १६ असे लिहिलेले असे. यातील २४५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरांत. ७० हा आकडा मात्र मिलिमीटर नव्हे. रिमेच्या कडेपासून जमिनीपर्यंत रबराची जी भिंत असते, तिची उंची रुंदीच्या शेकडा ७० आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी. शेवटचे १६ हे रिमेचे इंच. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तिन्ही नांदतात. फ्रेंचांचे माप आणि इंग्रजांचे माप यांच्या भांडणात जगभरच्या टायरवाल्यांनी कोणालाच दुखविले नाही, असे म्हणावे लागेल.

आता थोडे गणित करू. आकडे ऐकावयास रुक्ष असतात; पण येथे सारा निवाडा त्यांच्याच हाती आहे. २४५ चे शेकडा ७० म्हणजे साडेएकशे एकाहत्तर मिलिमीटर. ही भिंत चाकाच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणून दुप्पट करावयाची. त्यात १६ इंचांची रिम, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटर, मिळवावयाची. सबंध चाकाची उंची झाली सुमारे ७४९ मिलिमीटर. याच रिमेवर बसणारी आणखी तीन मापे दुकानदार पुढे करतो. २४५/७५ ची उंची भरते ७७४ मिलिमीटर, २६५/७० ची ७७७, आणि २६५/७५ ची ८०४. पहिल्या दोहोंत मूळ चाकाहून वाढ तीन ते पावणेचार टक्क्यांची आहे. तिसऱ्यात ती सव्वासात टक्क्यांवर जाते. दुकानात चारही टायर शेजारी शेजारी ठेवले, तर नजरेला फरक फारसा जाणवत नाही. गाडीला मात्र जाणवतो.

पुष्कळांची समजूत अशी की, स्प्रिंगांखाली ठोकळा किंवा मागच्या पाट्यांत एखादा जादा पाटा घालून गाडी दोन इंच वर घेतली की, पोटाखालची वाट सर्वत्र दोन इंच मोकळी झाली. ही समजूत निम्मीच खरी आहे. वर जाते ती चासी आणि तिच्यावरील अंग. मागच्या आसाच्या मध्यभागी दंतचक्रांचा जो लोखंडी गोळा असतो, ज्याला डिफरन्शियल म्हणतात, तो होता तेथेच राहतो. कारण तो आसावर आहे आणि आस चाकांवर आहे. रानातल्या वाटेवर मधला दगड लागतो तो बहुधा याच गोळ्याला. त्याला वर न्यावयाचे तर एकच उपाय, चाक मोठे करणे; आणि चाकाच्या उंचीत जेवढी वाढ होते, तिच्या निम्मीच गोळ्याच्या पदरात पडते. २४५/७५ घातले तर सुमारे १२ मिलिमीटर, २६५/७० घातले तर १४, आणि सर्वांत मोठे २६५/७५ घातले तरी अवघे २७ मिलिमीटर. एका बोटाच्या रुंदीहून थोडे अधिक. एवढ्यासाठी काय काय गमवावे लागते, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

दुसरी समजूत याहून घातक आहे. गाडी वर उचलली, म्हणजे चाक आणि मडगार्ड यांच्यामधील जागा वाढली. तेव्हा मोठे चाक आपोआप सामावेल, असे मालकास वाटते. दुकानाच्या फरशीवर, रिकाम्या हौद्याने आणि सरळ चाकांनी उभी असलेली गाडी पाहिली तर तसे दिसतेही. परंतु गाडी फरशीवर उभी राहण्यासाठी घेतलेली नसते. स्प्रिंगा पूर्ण दबल्या की, चाक वर येऊन रबरी गुटक्याला टेकते, आणि हा गुटका जेथे होता तेथेच असतो. म्हणजे खड्ड्यात आदळल्या क्षणी चाक पूर्वी जेथवर येत होते, तेथवरच पुन्हा येते; उचललेले दोन इंच त्या क्षणापुरते नाहीसे होतात. चासी आणि अंग यांच्यामध्ये ठोकळे घालून नुसते अंगच वर घेतले असेल, तर गोष्ट थोडी निराळी. पण तो प्रकार येथे विरळा.

आता रायपूरहून जगदलपूरला निघालेली एक पिकअप डोळ्यांसमोर आणावी. हे अंतर सुमारे ३०० किलोमीटरांचे. अभनपूर, कुरूद, धमतरी येईतो रस्ता भाताच्या खाचरांतून जवळजवळ सपाट जातो. चारामा मागे पडते, कांकेरच्या खडकाळ टेकड्या येतात आणि मग केशकालचा घाट लागतो. लागोपाठच्या बारा वळणांमुळे लोक त्याला 'बाराभंवर' म्हणतात. वर तेलीन मातेचे देऊळ आहे. तेथे थांबून नमस्कार केल्याखेरीज पुष्कळ चालक पुढे जात नाहीत. पावसाळ्यात या घाटाचे डांबर उखडते, अवजड ट्रकांच्या चाकांनी खड्डे पडतात, आणि अवघड वळणावर समोरून लोखंडाने भरलेला ट्रेलर येतो. हौद्यात पंपसेट, पाइप आणि सिमेंटची पोती. आत घरची माणसे. चालक चाक पुरे वळवितो, नेमक्या त्याच क्षणी बाहेरच्या अंगाचे पुढचे चाक खड्ड्यात जाते, स्प्रिंग दबते, आणि वळलेल्या टायरची कड मडगार्डच्या आतल्या पत्र्याला किंवा मागच्या जोडाला घासते. कधी नुसता खर्र असा आवाज होतो, कधी प्लॅस्टिकचे अस्तर फाटते. पत्र्याची धार लागली तर टायरची बाजूची भिंत चिरते. आणि ही चीर पंक्चरवाल्याला बुजविता येत नाही. दुकानाच्या फरशीवर जे चाक उत्तम बसले होते, ते येथे बसत नाही.

म्हणून विचारावयाचा प्रश्न असा: गाडी भरलेली, चाक पुरे वळलेले आणि स्प्रिंग दबलेली असताना कोणते माप मोकळे फिरते? याची परीक्षा रायपुरातच, घाट गाठण्यापूर्वी करता येते. नेहमी जेवढा माल वाहतो तेवढा हौद्यात भरावा. पुढचे एक चाक उतरत्या फळीवरून हळूहळू चढवून फूटभर उंच, भक्कम ओट्यावर आणावे, म्हणजे त्या बाजूची स्प्रिंग दबेल. मग स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून आत पाहावे. पुढे जाताना पाहावे आणि मागे घेतानाही पाहावे, कारण घासण्याची जागा दोन्ही वेळा एकच नसते. अस्तराला आतून खडूचा हात मारून ठेवला आणि खडबडीत रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर फेरी मारली, तर खडू जेथे पुसला गेला तेथे टायर लागतो हे आपोआप कळते. या परीक्षेस एक तास पुरतो. आश्चर्य एवढेच की, चार टायरांसाठी मोठी रक्कम मोजणारे पुष्कळ गृहस्थ हा एक तास मोजावयास तयार नसतात.

ही कसोटी डोळ्यांपुढे ठेवून मघाची मापे पुन्हा पाहावी. २४५/७५ आणि २६५/७० यांच्या उंचीत फरक तीनच मिलिमीटरांचा. पण रुंदीत २० मिलिमीटरांचा. रिम तीच ठेवली तर ही जादा रुंदी निम्मी आत आणि निम्मी बाहेर जाते. आतले १० मिलिमीटर वळलेल्या चाकाला चासीकडे नेतात, बाहेरचे १० मडगार्डच्या काठाकडे. त्यातच हौसेखातर चाके बाहेर काढणारी नवी रिम बसविली, तर वळताना टायर मोठी फेरी घेतो आणि जो टायर एरव्ही मोकळा राहिला असता तोही घासू लागतो. २६५ रुंदीच्या टायरला सुमारे ७ ते ९ इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमेवर तो कोंबला तर त्याचा मध्य फुगतो आणि नक्षी मध्यभागीच झिजते. उलट २४५/७५ हे माप मूळ टायरइतकेच रुंद असते. आत-बाहेर काही वाढत नाही, वाढते ती केवळ उंची. आसाखाली मिळणारी जागा २६५/७० पेक्षा दोनच मिलिमीटरांनी कमी. जो गृहस्थ खरोखर माल वाहतो आणि घाट चढतो, त्याने दिसण्याचा मोह बाजूला ठेवून हेच माप घ्यावे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. हौदा बहुधा रिकामाच असतो आणि वाळूत जाण्याचा प्रसंग वरचेवर येतो, अशा मालकाने परीक्षा करून २६५/७० घेतले तर त्यास दोष देता येणार नाही. २६५/७५ साठी मात्र अस्तर कापावे लागते, कित्येकदा पत्रा ठोकावा लागतो. दीड-दोन इंच उचललेल्या गाडीचे ते माप नव्हे.

मातीचाही विचार केला पाहिजे, आणि छत्तीसगढात मातीला चार नावे आहेत. उंचवट्यावरची मुरमाड तांबडी ती भाठा, तिच्याखालची पिवळसर ती मटासी, मग डोरसा, आणि सखलातली काळी, चिकट ती कन्हार. भाठ्यावर कोणतेही चांगले टायर चालते. तेथे भय आहे ते टोकदार दगडाचे, म्हणून भिंत भक्कम हवी. कन्हारची गोष्ट न्यारी. विदर्भातील काळ्या रानात ज्यांनी बैलगाडी हाकली आहे, त्यांना ती सांगावी लागणार नाही. श्रावणात ही माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत लाटण्यासारखे होऊन बसते. तेथे रुंदीने काम होत नाही. खाचा रुंद आणि उघड्या असाव्या लागतात, म्हणजे चाक फिरताना चिखल आपोआप झडतो. याउलट राजिमजवळ महानदीच्या पात्रातील कोरड्या वाळूत रुंद टायर तरंगतो, अरुंद रुततो; परंतु हवा काहीशी कमी केली तर अरुंद टायरही पसरट होऊन निभावतो. परत डांबरावर येताच ती हवा भरून घ्यावी लागते, हे मात्र विसरता कामा नये. निव्वळ चिखलासाठी केलेले मोठ्या गुटक्यांचे टायर ओल्या डांबरावर लवकर घसरतात आणि सदैव घोंघावत राहतात. वर्षातले दहा महिने पक्क्या सडकेवर धावणाऱ्या गाडीला ते पुढारीपणाचा आव आणण्यापलीकडे फारसे उपयोगी नाहीत. दोन्हीकडे चालणारी मध्यम नक्षी बरी.

मोठ्या चाकाचा परिणाम इंजिनापर्यंत पोहोचतो. चाक सव्वासात टक्के मोठे झाले, तर इंजिनाने लावलेला जोर जमिनीपर्यंत येईतो जवळजवळ सात टक्के घटतो. चढावर एक गिअर आधीच खाली यावे लागते. उतारावर तर त्याहून महत्त्वाची गोष्ट घडते. गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या ओढीने वेग आवरण्याची जी जुनी रीत आहे, तिचा आधारही तेवढाच सैल पडतो आणि ब्रेकवरचा भार वाढतो. शिवाय मोठा टायर काही किलोंनी जड. आणि हे वजन चाकाच्या परिघावर असल्यामुळे त्याला गती देणे आणि थांबविणे दोन्ही कठीण. केशकालच्या उतारावर भरलेल्या हौद्यानिशी हे टक्के पुस्तकातले राहत नाहीत. तीन टक्क्यांची वाढ गाडी सहज सोसते. सातांची सोसत नाही असे नाही; पण ती चालकाला सतत जाणवत राहते.

किलोमीटर मोजणारे यंत्रही फसते. ते बिचारे चाकाचे फेरे मोजते. चाक बदलले हे त्याला कोण सांगणार? २६५/७५ घातलेली गाडी जगदलपूरला जाऊन परत आली, म्हणजे ६०० किलोमीटर चालली, तर यंत्र सुमारे ५५९ दाखवील. समजा, या प्रवासात ५० लिटर डिझेल लागले. खरा हिशेब लिटरमागे १२ किलोमीटरांचा. पण मालक यंत्र वाचून ११ च्या वर थोडेसे म्हणतो आणि टायरने ॲव्हरेज खाल्ले अशी हाकाटी करतो. टायर थोडेफार खातो हे खरे, परंतु इतके नव्हे. वेगाचा काटाही त्याच प्रमाणात मागे पडतो. बहुतेक काटे मुळात थोडा वेग वाढवूनच दाखवितात, त्यामुळे लहान वाढ त्यात मुरून जाते. मोठी वाढ मुरत नाही आणि दंडाची पावती घरी येते.

टायरवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा असतो; तो कोणी वाचत नाही. १११ हा आकडा असेल तर त्या टायरने योग्य हवेवर १०९० किलो भार पेलावा अशी त्याची शक्ती. ११२ असेल तर ११२०, ११६ असेल तर १२५०. नवा टायर जुन्याहून कमी आकड्याचा कधीही घेऊ नये. मात्र आकडा मोठा आला म्हणून गाडीत अधिक माल भरण्याचा परवाना मिळाला, असेही नव्हे. पाटे, आस आणि ब्रेक जुनेच आहेत. याच भिंतीवर, लंबगोल चौकटीत, चार अंक असतात. ३५२३ असे असेल तर तो टायर २०२३ सालच्या ३५व्या आठवड्यात तयार झाला. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो; अशा उन्हात दुकानाबाहेर रचलेला, दोन-तीन वर्षांपूर्वीचा टायर नवा म्हणून घेणे शहाणपणाचे नव्हे. हवा पाहावयाची ती सकाळी, चाके थंड असताना. तपमान पाच-साडेपाच अंशांनी चढले की हवेचा दाब सुमारे एक पौंडाने चढतो. दुपारी तापलेल्या टायरची हवा 'जास्त झाली' म्हणून सोडणारा चालक संध्याकाळी कमी हवेवर भरलेली गाडी हाकीत असतो.

पाचव्या चाकाकडे, म्हणजे स्टेपनीकडे, सर्वांत शेवटी लक्ष जाते. खर्च वाचविण्यासाठी चार टायर मोठे घेऊन स्टेपनी जुन्याच मापाची ठेवतात. साध्या रस्त्यावर ती गावापर्यंत पोहोचवील. पण चारही चाकांना जोर लावून गाडी चिखलातून काढावयाची वेळ आली आणि एक चाक लहान असले, तर पुढचे व मागचे आस परस्परांशी झगडू लागतात आणि मधली दंतचक्रे त्याची किंमत मोजतात. पाच टायर एकाच मापाचे घ्यावे. आणि मोठी स्टेपनी हौद्याखालच्या आपल्या जागी मावते की नाही, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे.

यात कायद्याचेही एक अंग आहे, आणि त्याकडे डोळेझाक करता येत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम असे सांगते की, नोंदणीपुस्तकात लिहिलेला, निर्मात्याने मूळ ठरविलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाने गाडीत करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कठोरपणेच लावला. उंच केलेली गाडी आणि भलत्या मापाची चाके तपासणीत अडू शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही प्रश्न काढू शकते. निर्मात्याने त्याच गाडीच्या दुसऱ्या प्रकारासाठी मान्य केलेले एखादे माप असेल, तर त्याच्या जवळपास राहणे सर्वांत निर्धोक. मुळात गाडी उचलण्यापूर्वीच परिवहन कार्यालयात चौकशी करणे अधिक बरे. उचलल्यानंतर केलेली चौकशी ही बहुधा क्षमायाचना असते.

हौस वाईट आहे असे यात कोठेही म्हणावयाचे नाही. उंच अंगाची, भरदार चाकांची गाडी पाहावयास खरोखरच देखणी दिसते, आणि सणासुदीला नव्या टायरांना हळदकुंकू लावून नारळ फोडणाऱ्या मालकाच्या मुद्रेवरचा आनंद खोटा नसतो. टायर बदलल्यावर मात्र नारळ फोडून लगेच घाटाची वाट धरू नये. गाडी उचलल्याने चाकांचे कोन बदललेले असतात. ते यंत्रावर जुळवून घेतले नाहीत तर नव्या टायरची आतली कड काही महिन्यांत झिजून जाते. पुढचे दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ लागतात. तेही खाली करावे लागतात. शेसव्वाशे किलोमीटर चालल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावे. रायपूरहून निघाल्यास हे अंतर कांकेरच्या थोडे अलीकडे पुरे होते. घाट अजून पुढे असतो, आणि एखाद्या ढाब्यावर चहा येईतो पाचही चाकांवरून हात फिरवून पाहावयास वेळ मिळतो.